कांदिवलीचा ट्रॅक्टर कपाटात, गावची तिफण चुलीत?

शेतकरी मित्रहो, मुंबईला नोकरीला असलेला तुमचा पुतण्या किंवा भाचा गणपतीला गावी येतो, तेव्हा त्याच्या शेजाऱ्याच्या काचेच्या कपाटाची गोष्ट त्याने तुम्हाला कधी सांगितली आहे का? अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत अशी कपाटे असलेली घरे सापडतात. कपाटात भांडी नसतात, पुस्तके नसतात. ओळीने मांडलेले वीतभर लांबीचे ट्रॅक्टर असतात. कुणाला मागे पलटी नांगर जोडलेला, कुणाला ट्रॉली, कुणाला पेरणी यंत्र. चाकाचे बोल्ट मोजून घ्यावेत इतके काम बारीक.

हे पोराचे खेळणे नव्हे. खऱ्या यंत्राचे प्रत्येक माप ठरावीक पटीत लहान करून केलेली ही प्रतिकृती असते. काही प्रतिकृती कंपनी मोजक्याच संख्येने काढते आणि मग तो माल बंद करते. त्याला मर्यादित आवृत्ती म्हणतात. असे नग जमवणाऱ्यांचा मोठा वर्ग जगभर आहे.

तुम्ही म्हणाल, साहेब, आम्हाला खऱ्या ट्रॅक्टरचे हप्ते भरताना नाकी नऊ येतात, हे खोटे ट्रॅक्टर काय कामाचे? प्रश्न रास्त आहे. पण या छंदातून आपल्या गावाने उचलावी अशी एक गोष्ट आहे, आणि ती उचलायला आता फार वेळ उरलेला नाही. म्हणून हा लेख.

कांदिवलीचे नाव ट्रॅक्टरशी जोडलेले

बोरिवलीच्या अलीकडचे स्टेशन कांदिवली. आज तिथे उतरलात तर टॉवर आणि रिक्षांची गर्दी दिसेल. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी शिवारांत फिरलेला लाल ट्रॅक्टर इथलाच. १९६३ साली महिंद्र अँड महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि कांदिवलीच्या कारखान्यातून बी-२७५ हा ट्रॅक्टर बाहेर पडू लागला. मॉडेल मुळात इंग्लंडमधले. ताकद ३५ अश्वशक्तीच्या घरात. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली, तरी २७५ हा आकडा पुढच्या ट्रॅक्टरांवरही राहिला. जुने शेतकरी अजून "आमचा दोनशे पंचाहत्तर" असे घरच्या बैलाचे नाव घ्यावे तसे म्हणतात.

त्याच सुमारास देशात इतरत्रही ट्रॅक्टर बनू लागले होते. फरिदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्ये निघाला. मद्रासकडे टॅफेची सुरुवात १९६० ची. पंजाबचा स्वराज १९७४ चा. एचएमटीचा झेटर सत्तरच्या दशकातला. हे सगळे एका फळीवर सालाप्रमाणे मांडले, तर भारतातल्या यांत्रिक शेतीचा इतिहास तीन फुटांत उभा राहतो. चांगला संग्राहक नेमके हेच करतो. तो नुसते नग जमवत नाही, क्रम लावतो. कोणत्या सालात कोणता बदल झाला, रंग कधी बदलला, बोधचिन्ह कधी बदलले, हे त्याला पाठ असते.

छंद नवा नाही

लहान अवजार करून ठेवण्याची हौस परदेशातून आली असे समजू नका. हरियाणातल्या बनावली येथे हडप्पा संस्कृतीच्या काळातला भाजलेल्या मातीचा छोटा नांगर उत्खननात मिळाला आहे. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या नांगराची प्रतिकृती केली होती, आणि आज त्या काळचा नांगर कसा होता हे आपल्याला तिच्यावरून कळते. खरा लाकडी नांगर केव्हाच मातीत गेला, मातीचा छोटा नांगर राहिला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दैमाबाद आहे. तिथे १९७४ मध्ये कांस्याच्या वस्तू सापडल्या. त्यात बैलजोडी जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस आहे. लांबी साधारण ४५ सेंटिमीटर. जू कसे, चाक कसे, बैलांची ठेवण कशी, सगळे त्यात दिसते.

आणि आपला पोळा, बेंदूर? मातीचे बैल आपण दरवर्षी करतोच. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो, मुले लाकडी बैल सजवून ओढत नेतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची ही प्रथा असे सांगतात. तेव्हा प्रतिकृतीचा छंद आपल्या घरचाच आहे. फक्त आपण बैल केला आणि त्याच्यामागचे अवजार करायचे राहून गेले.

परदेशात काय झाले

इंग्लंडमध्ये ब्रिटन्स नावाची कंपनी शिशाचे सैनिक बनवायची. पहिल्या महायुद्धानंतर लोकांना सैनिक नकोसे झाले, तेव्हा १९२१ च्या सुमारास कंपनीने शेतावरची माणसे, जनावरे, गाड्या आणि अवजारे काढली. अमेरिकेत आयोवा राज्यात फ्रेड अर्टल यांनी १९४५ मध्ये घरातच ॲल्युमिनियम ओतून छोटे ट्रॅक्टर करायला सुरुवात केली. पुढे ट्रॅक्टर कंपन्यांनीच त्यांना मूळ आराखडे दिले. त्यांचा कारखाना ज्या डायर्सव्हिल गावात गेला, तिथे १९८६ पासून शेती-खेळण्यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. लहानसे गाव, पण ट्रॅक्टरच्या प्रतिकृती बघायला लोक लांबून येतात.

त्यांनी विशेष काय केले? माप अचूक ठेवले आणि नोंद ठेवली. बस्स.

माप कसे वाचायचे

प्रतिकृतीच्या खोक्यावर १:१६, १:३२ किंवा १:६४ असे छापलेले असते. १:१६ म्हणजे खऱ्या यंत्राचे सोळा सेंटिमीटर इथे एक सेंटिमीटर. तीन मीटर लांबीचा ट्रॅक्टर १:१६ मध्ये जवळपास १९ सेंटिमीटर भरतो, १:३२ मध्ये साडेनऊच्या आत, आणि १:६४ मध्ये पावणेपाच. अमेरिकेत १:१६ चा रिवाज जास्त, युरोपात १:३२ चा. मुंबईच्या दोन खोल्यांच्या घरात १:३२ सोयीचे. एका फळीवर सात-आठ सहज बसतात.

एक पथ्य सांभाळावे. ट्रॅक्टर एका मापाचा आणि मागचा नांगर दुसऱ्या मापाचा असे मांडू नये. तसे केले की सगळा संग्रह खोटा दिसतो.

घेताना फसू नका

घरातल्या तरुणाला हा नाद लागला असेल तर त्याला रागावू नका, पण एवढे जरूर वाचून दाखवा.

एक. "मर्यादित आवृत्ती" या शब्दाला भुलू नये. पाचशे नगही मर्यादित आणि दहा हजारही मर्यादितच. तळाशी क्रमांक आहे का, एकूण नग किती ते कुठे लिहिले आहे का, कंपनीचे प्रमाणपत्र आणि मूळ खोके आहे का, हे विचारावे. यातले काहीच नसेल तर तो साधा नग समजून त्याच भावाने मागावा.

दोन. पुन्हा रंगवलेला नग ओळखायला शिकावे. चाकाच्या आसाजवळ, सांध्यात आणि तळाला बघावे. तिथे जुन्या रंगावर नवा रंग चढलेला दिसतो. जुना, थोडा उडालेला पण मूळ रंग हा नव्या चकचकीत रंगापेक्षा मोलाचा. आपण जुना ट्रॅक्टर विकताना रंग मारतो, इथे नेमके उलटे आहे.

तीन. धुराडे, सुकाणू, आरसा, जोडणीचा हूक हे बारीक भाग आधी तुटतात. ते मूळचे आहेत की मागाहून बसवलेले, हे पाहावे.

चार. परदेशातून मागवताना नुसती छापील किंमत धरू नये. खेळण्यांवरचे मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. त्यावर टपालखर्च. शुल्काचा त्या दिवशीचा दर विचारूनच पैसे पाठवावेत.

पाच. भाव वाढेल म्हणून कर्ज काढून घेऊ नये. हा छंद आहे, मुदत ठेव नव्हे. पेरणीचे पैसे यात घालणाऱ्याला तर हात जोडून सांगावे, बाबा, आधी बियाणे.

मुंबईच्या हवेत जतन

उपनगरातली दमट हवा या वस्तूंची वैरी. पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या खोक्याला बुरशी धरते. खोके प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवले तर ओल आतच कोंडते, म्हणून तसे करू नये. कपाटात ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि पावसाळ्यात ती बदलत राहावी. थेट ऊन लागले की लाल रंग फिका पडतो. रबरी किंवा मऊ प्लॅस्टिकचे टायर वर्षानुवर्षे एकाच जागी टेकून राहिले तर फळीला चिकटतात, आकारही बिघडतो, म्हणून आसाखाली छोटा ठोकळा द्यावा.

बऱ्याच प्रतिकृती जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात. फार जुन्या नगांत धातू भेसळीचा असेल तर तो आतून तडकतो, फुगतो आणि शेवटी भुगा होतो. त्याला इलाज नाही. असा नग घेण्याआधी खालून नीट बघावा.

आता आपल्या गावाचे बघू

मित्रहो, अमेरिकेतल्या ट्रॅक्टरचा आराखडा कंपनीच्या दप्तरात असतो. उद्या सगळे ट्रॅक्टर भंगारात गेले तरी त्या कागदावरून नवी प्रतिकृती करता येईल. लोखंडी नांगराचेही तसेच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर काढला. लोखंडाने जमीन नासते म्हणून सुरुवातीला शेतकरी त्याला हात लावेनात. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि तो नांगर घरोघर गेला. हा इतिहास छापलेला आहे, म्हणून तो टिकला.

पण तुमच्या गावच्या तिफणीचा आराखडा कुठे आहे? कुठेही नाही. तो गावच्या सुताराच्या हातात होता. बलुत्यावर काम करणाऱ्या सुताराने कागद कधी वापरला नाही. हात, वीत, बोट हेच त्याचे माप. जमीन बघून, बैलाची उंची बघून, पेरायचे पीक बघून तो अवजार घडवायचा. काळ्या रानातला जड नांगर ओढायला चार ते आठ बैल लागायचे. कोकणात आणि मुंबईच्या आसपासच्या खाचरांत चिखलात चालणारा नांगर हलका, एका जोडीचा. गोराई-मनोरीच्या भातशेतीतले अवजार घाटावर चालणार नाही आणि घाटावरचे इथे रुतून बसेल. म्हणजे प्रत्येक भागाचे अवजार हीच एक मर्यादित आवृत्ती होती. फरक एवढाच की तिच्यावर क्रमांक घातलेला नव्हता.

आज त्या अवजारांचे काय झाले बघा. बैल गेले, ट्रॅक्टरच्या मागे लोखंडी पेरणी यंत्र आले. ते येणारच होते, त्यात वाईट काही नाही. वेळेवर पेरा होतो, मजुरी वाचते. मी स्वतः तुम्हाला यंत्राने पेरा म्हणून सांगत फिरतो. पण जुनी तिफण गोठ्याच्या माळ्यावर वाळवी खाते किंवा चुलीत जाते. बैलगाडीची चाके हॉटेलवाले शोभेला नेतात. मोटेचे चाक, कणा, नाडा, सोंदूर, थारोळे हे शब्द माहीत असलेली माणसे सत्तरी-ऐंशीत आहेत. चाडे कुठे बसते, कुळवाची पास किती कोनात लावायची, हे सांगणारा सुतार गेला की ते ज्ञान परत मिळणार नाही. बनावलीचा मातीचा नांगर आठवा. राहते ते प्रतिकृतीच्या रूपाने राहते.

काम अवघड नाही

सरपंच, ग्रामपंचायतीचे अधिकारी, शाळेचे गुरुजी आणि गावचा सुतार एवढी माणसे एकत्र बसली तर एका हंगामात हे काम होते.

पहिले काम मोजमापाचे. गावात शिल्लक असलेली अवजारे शोधा. नांगर, वखर किंवा कुळव, तिफण किंवा पाभर, कोळपे, जू, मोट, बैलगाडी. तुमच्याकडे ज्याला जे म्हणतात तेच नाव लिहा, पुस्तकी नाव नको. इसाड, रुमणे, फाळ, दिंड, फण, नळे, प्रत्येक भागाचे स्थानिक नाव आणि लांबी, रुंदी, जाडी वहीत उतरवा. लाकूड कोणते, कुणी घडवले, शेवटचे कधी चालले, कोणते पीक पेरले, हेही लिहा. मोबाइलवर समोरून, बाजूने, वरून असे फोटो काढा. फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा, नाहीतर फोटोवरून माप कळत नाही.

दुसरे काम प्रमाण ठरवण्याचे. सुतार इंचाची पट्टी वापरत असेल तर १:८ चे प्रमाण धरा. फुटाला दीड इंच. आठ फुटांची इसाड बरोबर एक फुटाची होते, हिशोब तोंडी करता येतो. रब्बी ज्वारीसाठी दोन ओळींत ४५ सेंटिमीटर म्हणजे साधारण अठरा इंच अंतर ठेवतो. त्या तिफणीचे फण प्रतिकृतीत सव्वादोन इंचांवर येतील. हे अंतर चुकले तर ती तिफण नव्हे, शोभेची वस्तू झाली. एका शेतकऱ्याने नुसते बघून "ही ज्वारीची तिफण" असे म्हटले पाहिजे, तेव्हा काम पास.

तिसरे काम घडवण्याचे. शक्य तर मूळ अवजाराचे जे लाकूड तेच प्रतिकृतीला वापरा. बाभळीचा जुना तुकडा गावात कुठेही मिळेल. रंग, चकाकी, बेगड नको. सुताराची मजुरी आधी ठरवा आणि वेळेवर द्या. "गावाचे काम आहे" म्हणून त्याला फुकट राबवू नका. बलुत्याचे दिवस गेले.

चौथे काम क्रमांकाचे. प्रत्येक अवजाराचे पाचच नग करा. तळाला गावाचे नाव, साल, घडवणाऱ्याचे नाव आणि "५ पैकी १" असा क्रमांक कोरा. एक नग शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक सुताराच्या घरी, एक तालुक्याच्या ठिकाणी, आणि पाचवा विकायला. झाली तुमची मर्यादित आवृत्ती, आणि तीही मोजमापाच्या वहीसह.

विकायचे असेल तर

पाचव्या नगाला गिऱ्हाईक कोण? तोच मुंबईतला कपाटवाला. कांदिवलीच्या ट्रॅक्टरशेजारी ठेवायला त्याला त्याच्या आजोळची तिफण हवी आहे. ती कोणत्याही दुकानात मिळत नाही. पण पहिल्याच दिवशी पन्नास नग करून बसू नका. एक मागणी आली की एक करा.

मुलांचे खेळणे म्हणून विकणार असाल तर नियम बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांच्या मालाला त्यातून सूट देण्यात आली. म्हणून सुताराची नोंदणी आधी करून घ्यावी. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार आणि पारंपरिक खेळणी करणारे हे तिन्ही व्यवसाय आहेत. प्रशिक्षण, १५ हजार रुपयांपर्यंत अवजारांसाठी मदत आणि सवलतीच्या व्याजाने कर्ज अशी तिची रचना आहे. अर्जाची सध्याची स्थिती ग्रामपंचायतीत किंवा सेवा केंद्रात विचारावी. योजनेचे पैसे येतील मग काम करू, असे मात्र म्हणू नका. मोजमापाच्या वहीला पैसे लागत नाहीत, एक मोजपट्टी आणि एक म्हातारा जाणकार लागतो.

ग्रामसभेत या विषयाचा साधा ठराव घ्या. अवजार मोजून होईपर्यंत ते मोडू नये, जाळू नये, भंगारात देऊ नये, एवढे गावाने ठरवले तरी निम्मे काम झाले. शाळेच्या पोरांना एकेका अवजाराची वही वाटून द्या, ती आजोबांना विचारून भरतील. पोळा-बेंदराला बैलांच्या मिरवणुकीबरोबर या छोट्या अवजारांचेही टेबल मांडा.

सुगी आटोपली की हाताला थोडी फुरसत असते. त्या आठवड्यात माळ्यावर चढा, तिफण खाली काढा, धूळ झटका आणि गावच्या सर्वांत जुन्या सुताराला चहाला बोलवा. वही-पेन्सिल जवळ ठेवा. तो बोलू लागला की लिहीत राहा.